चौथ्या चिंधीखालचं पाणी

म्बाह लासिरानच्या, म्हणजे लासिरान आजोबांच्या दारात, हाताला लागेल अशा उंचीवर फळी ठोकून, एक मातीचा रांजण ठेवलेला आहे. वर लाकडी झाकण, झाकणावर करवंटीची डवली पालथी. हा रांजण घरच्यांसाठी नव्हे, वाटसरूंसाठी. पूर्वी आमच्या बांजारवातू गावात दारोदार असा रांजण असायचा. कुणीही यावं, न विचारता प्यावं, डवली पालथी घालावी आणि चालू पडावं. आणि ज्या घराशी गावाचं बिनसलं, त्या घराच्या रांजणाला कुणी शिवायचं नाही. शिवीगाळ नाही, तंटा नाही, नुसती डवली कोरडी. समजायचं ते समजायचं. आता बाटल्या आल्या, रांजणांत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. उरले दोनच रांजण, एक लासिरानचा आणि दुसरा खालच्या आळीतल्या पार्जियेमचा.

लासिरान एकाहत्तरचा आहे. अंगानं काटक, बोलायला कंजूष. उन्हाळ्यात आमच्या चुनखडीच्या डोंगरावर पाण्याचा टिपूस राहत नाही. पानं गळालेल्या सागाखाली जमीन भाजून निघते, आणि पाण्यासाठी सव्वा कोस खाली झऱ्यावर जावं लागतं. उतरायला तास, चढायला दीड. उजाडलं की लासिरान कावड खांद्यावर टाकून निघायचा. परत आला की पहिला डबा रांजणात, दुसरा घरात. "आधी रांजण, मग चूल," हा त्याच्या बायकोचा नियम. बायकोचं नाव कास्मिनी. तिला जाऊन चार वर्षं झाली, नियम तेवढा राहिला. लेक समुद्रापलीकडे कालीमंतानात ताडतेलाच्या मळ्यात कामाला, नवऱ्याबरोबर. ईदेला फोन करते. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." संपलं बोलणं. पुढच्या ईदेपर्यंत घरात आवाज यायचा तो कावडीच्या करकरण्याचा.

कास्मिनीला एक सवय होती. संध्याकाळी पाठीवरची घागर उतरवली, ओच्यानं मानेचा घाम पुसला, की उंबऱ्यात क्षणभर उभी राहून नवऱ्याला, आमच्याकडे म्हणतात तसं कांग म्हणून, विचारायची, "काय कांग, आज काही विशेष?" लासिरान म्हणायचा, "काही नाही." मग ती आत जायची आणि कसाव्याच्या कंदाचा भात शिजायला टाकायची. बायका विचारतात तसं विचारते, असंच त्याला वाटायचं. सत्तावीस वर्षं तिनं तेच विचारलं आणि सत्तावीस वर्षं त्यानं तेच सांगितलं.

आणि खरं सांगायचं तर लासिरानपाशी सांगण्यासारखं एक होतं. एकच होतं, पण ते असं की दात विचकून छातीवर बसलेलं.

झालं असं की ऑगस्ट सरता सरता, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, शहरातून एक बाई आली. बू एन्दाह, म्हणजे एन्दाहबाई. वय तिशीचं, पायात गमबूट, डोक्यावर आमच्या शेतकऱ्यांसारखी बांबूची टोपी. पाण्याच्या योजनेवरची. गावाला चावडीत बसवून तिनं सरळ विषयालाच हात घातला.

"डोंगराच्या पोटात पाणी आहे," ती म्हणाली, "पण चुनखडीत ते भेगांतून पळतं. आपण दोन बोअर मारले, दोन्हींतून नुसता फुफाटा आला. तिसरा मारायला माझ्याकडे काही नाही. पण तुमच्याकडे डच साहेबांच्या वेळच्या तेलविहिरी आहेत. एखादीची लोखंडी नळी वरच्या थरात फुटून आत गोडं पाणी आलं असेल, तर आपलं काम झालं. खालची तेलाची बाजू सिमेंटनं कायमची बुजवायची, नळी घासून धुवायची, वरचं पाणी तीनदा तपासायचं आणि पंप बसवायचा. अशी कुठली विहीर आहे का?"

गावप्रमुख दार्सोनोनं जुनी वही उघडली. ओसाड विहिरी तीन. सात नंबर, खारं पाणी, सोडली. नऊ नंबर, खारं पाणी, सोडली. बारा नंबर, तेच.

"मग तिन्ही बुजवाव्या लागतील," बू एन्दाह म्हणाली. "त्यांतून वायू झिरपतो. गुरुवारी नऊ नंबरपासून सुरू करू. पण एकदा विचारते, नऊमधलं पाणी खारंच होतं, नक्की? नळीत लाकडं-दगड कोंबलेत, खाली बाटली सोडून बघताही येत नाही. उपसत बसायला काही कारण हवं."

"अहो बाई!" म्हातारा न्गादिमान मोठ्यांदा हसला. तो एके काळी नऊ नंबरवर इंजीन चालवायचा. "नऊ नंबरचं पाणी ह्या लासिरानच्या जिभेनं चाखलंय. ह्याची जीभ म्हणजे तुमच्या तपासणीवाल्यांच्या तोंडात मारेल अशी. तेलाचा थेंब चाखून विहिरीचा नंबर सांगायचा हा!"

चावडी हसली. लासिरान चटईची वीण बघत बसला.

ती जीभ खोटं बोलली होती.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदा घरांनी मिळून नऊ नंबर पुन्हा चालू केली होती. कुणी बैल विकला होता, कुणी बायकोच्या कानातलं. विहिरीवर सागाच्या तीन उंच खांबांची तिवई, जुन्या ट्रकचं इंजीन, आणि त्यावर गुंडाळलेला दोर. दोराच्या टोकाला दोन पुरुष उंचीचा लोखंडी पोहरा. तो खोल खाली सोडायचा, तेल भरून वर ओढायचा. न्गादिमान इंजिनावर, बाकीचे लांब तेलाच्या खड्ड्यांपाशी, आणि विहिरीच्या तोंडाशी एकटा लासिरान. दोर सुटताना दांडा दाबून वेग धरायचा ते त्याचं काम, आणि पोहरा वर आला की बूड उघडून आतला माल अंगावर घेत पन्हाळीत सोडायचा तेही त्याचंच. किती खोल गेलं ते कळावं म्हणून दर दहा वावांवर, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर, दोराला एक चिंधी बांधलेली. चिंध्या कास्मिनीनं फाडून दिल्या होत्या, तिच्याच जुन्या लुंगीच्या; आमच्याकडे बायकाही लुंगीच नेसतात.

तेलाबरोबर खोलातलं पाणीही यायचं, समुद्रापेक्षा खारं. लासिरानचा सदरा वाळला की पांढरा कडक व्हायचा. कास्मिनी झऱ्यावर तो दगडावर आपटताना बडबडायची, "ह्या सदऱ्यातल्या मिठात माझी वर्षाची चटणी होईल!"

एका दुपारी लासिरानला सिगारेटची तल्लफ आली. विहिरीपाशी काडी ओढायची नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून हा शहाणा दांड्याखाली लाकडाची पाचर मारून तीस पावलं लांब गेला. पोहरा हळूहळू उतरतोय, तेवढ्यात दोन झुरके मारून येऊ, असा हिशेब. पाचर सुटली. दोर सणसणत गेला. लासिरान धावत येऊन दांड्यावर पडला तेव्हा चौथी चिंधी तोंडाशी होती आणि खालून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला. इंजिनाच्या धडधडीत तो दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नाही.

पोहरा वर आला तो पाण्यानं भरून. दुसरा आला, पाणी. तिसरा आला, पाणी. लासिराननं तोंडावर आलेलं चाटलं. तेलाच्या वासाचं, पण गोडं. नळी फुटली होती, डोंगरातलं पाणी आत कोसळत होतं, आणि चौदा घरांची विहीर एका सिगारेटपायी बुडाली होती. नळी फुटली म्हणजे कुणीतरी फोडली. खालून खारं पाणी वर आलं तर मात्र कुणाचा दोष नाही, विहिरीचं आयुष्य सरलं, नशीब म्हणायचं. न्गादिमाननं लांबून हाळी दिली, "काय रे, कसंय?" आणि लासिरानच्या तोंडून निघून गेलं, "खारं!"

एक शब्द. त्याच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास, दुसऱ्या कुणी बोटसुद्धा बुडवलं नाही. मेलेल्या विहिरीला माणसासारखा निरोप द्यायची आमची रीत आहे. संध्याकाळी भाताची मूद आली, फुलं आली, प्रार्थना झाली, आणि नळीत सागाचा ओंडका ठोकला गेला. ओंडका सगळ्यांनी मिळून ठोकायचा असतो. पुढचे दोन दिवस लासिरान एकटाच जाऊन वरून दगड कोंबत राहिला. लोक म्हणाले, बिचाऱ्याचा फार जीव होता विहिरीवर. झाकली मूठ अशी झाकलीच राहिली.

पाणी आणणं तेव्हा बायकांचं काम, त्यामुळे ती वाट लासिराननं कधी नीट बघितलीच नव्हती. कास्मिनी गेली, कावड त्याच्या खांद्यावर आली, आणि मग एकेक दगड ओळखीचा झाला. नऊ नंबर त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर. सव्वा कोसाच्या वाटेला लागताना रोज तिच्या अंगावरूनच जावं लागे. जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा.

बुधवारी सकाळी झऱ्यावर रांग होती. पाणी बोटाएवढं. बायका खळग्यात करवंट्या घालून घोट घोट गोळा करत होत्या. पार्जियेमची घागर भरता भरता ऊन डोक्यावर आलं. अडुसष्ट वर्षांची बाई, पाठ अशी वाकलेली की समोरच्याचं तोंड बघायला मान तिरपी करावी लागते. तरी जिभेला धार तीच.

"पुढच्या जन्मी मी नळ होऊन येणार बघ," ती म्हणाली. "एका जागी उभी राहीन. येऊ देत सगळ्यांना माझ्याकडे!"

बायका हसल्या. चढताना लासिरान तिच्या मागोमाग होता. अर्ध्या वाटेवर, वळणाशी एक सपाट दगड आहे. तिथं पार्जियेम टेकली आणि दगडाचा अर्धा भाग रिकामा सोडून बसली.

"नीट सरकून बस की," लासिरान म्हणाला.

"नको. ती बाजू कास्मिनीची. सवय झालीय."

लासिरान कावड धरून उभाच राहिला. त्यानं विचारलं, "फार वेळ बसायची का ती?"

"आधी नाही. शेवटच्या वर्षी फार. ऊन कलेपर्यंत बसायची." पार्जियेमनं मान तिरपी करून त्याच्याकडे बघितलं. "का? तुला उशिरा जेवायला मिळायचं ते आठवलं होय?"

त्या वर्षी तो खरंच म्हणाला होता, "हल्ली फार उशीर करतेस गं."

गुरुवारी नऊ नंबरपाशी सिमेंट कालवायचं यंत्र गरगरत होतं. बघायला गाव जमलेला. बू एन्दाहनं हात वर केला, कामकरी पाटी उचलायला वाकले, आणि लासिरान पुढे होऊन विहिरीच्या तोंडावर जाऊन बसला. अगदी फतकल मारून.

"म्बाह, उठा," दार्सोनो म्हणाला. "काय झालं? चक्कर आली का?"

"बुजवू नका. पाणी गोडं आहे."

"कुणी सांगितलं?"

"मीच चाखलंय. नळी मी फोडली. पाचर मारून सिगारेट ओढायला गेलो होतो. खारं म्हणालो ते खोटं. घाबरलो होतो."

यंत्र कुणीतरी बंद केलं. न्गादिमान काठी टेकत पुढे आला. लासिरानला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्या वर्षी गाव सोडलं, लासिरान," न्गादिमान म्हणाला. "अकरा वर्षं मलेशियात विटा वाहिल्या. आई गेली तेव्हा मातीलाही पोचलो नाही. सिगारेटपायी?"

न्गादिमान बाजूला थुंकला आणि निघून गेला. मग बायका निघाल्या. एक जणी वाटेत दुसरीला म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो हा. तीस वर्षांचा वळसा घातलाय आपण, बाई." आणि लासिराननं बघितलं तर पार्जियेम सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून चालली होती.

बू एन्दाहनं तेवढं विचारलं, "म्बाह, नळी किती खोलीवर फुटली?"

"चौथी चिंधी. चाळीस वाव."

"नक्की?"

"बायकोच्या लुंगीची चिंधी होती, बाई. तांबडी. डोळ्यांसमोरून जात नाही."

ओंडका आणि दगड उपसायला नऊ दिवस लागले. चाळीस वावांवर खरंच भगदाड सापडलं आणि त्यातून पाणी येत होतं. त्याखाली सिमेंट भरलं, नळी घासली, महिनोन् महिने पाणी फेकून दिलं तेव्हा कुठं तेलाचा वास गेला. तीनदा बाटल्या शहरात गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला, नऊ नंबरच्या जागी कट्टा बांधून सहा नळ लागले. त्या दिवशी पिवळ्या भाताचा डोंगर रचला, प्रार्थना झाली, आणि रीतीप्रमाणे केळीच्या पानात बांधलेला प्रसादाचा भात घरटी गेला. लासिरानच्याही घरी आला. आणणाऱ्यानं तो फळीवर रांजणाशेजारी ठेवला आणि हाक न मारता गेला.

तेव्हापासून त्याची डवली कोरडी.

नळाला पाणी होतं, घरोघर पाणी होतं, मग वाटसरूनं रांजणातलं प्यायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण तसं नव्हतं. नळावर जाणारी-येणारी सगळी वाट लासिरानच्या दारावरून. भर दुपारी बायका भरलेल्या घागरी घेऊन दोनशे पावलं पुढं जाऊन पार्जियेमच्या रांजणाशी थांबायच्या, पाणी प्यायच्या, चार शब्द बोलायच्या. लासिरान ओसरीवर बसून लांबून बघायचा. चहा-कॉफीच्या टपरीवर तो गेला की बाकावर जागा व्हायची, जरा जास्तच व्हायची. त्यानं जायचं सोडलं. रोज सकाळी मात्र तो नळावरून डबा आणायचा, रांजणातलं शिळं पाणी केळीच्या बुंध्याला घालायचा, रांजण धुवायचा, काठोकाठ भरायचा. संध्याकाळी झाकण उघडून बघायचा. काठोकाठ.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. एकटेपणाची त्याला सवय होती असं त्याला वाटायचं. पण कुणी नसणं वेगळं आणि सगळे असून नसणं वेगळं, हे त्याला या वयात कळलं. कधी कधी त्याला वाटे, गप्प बसलो असतो तर निदान न्गादिमान शिव्या तरी देत बसला असता शेजारी.

सप्टेंबरात एका दुपारी पार्जियेम दारात आली. रिकाम्या हातानं. फळीशी उभी राहिली. लासिरान ओसरीवरून उठला.

"बस तू," ती म्हणाली. "तुझ्याशी भांडायला आलेय आणि मला धड भांडताही येत नाही, म्हणून डोकं फिरलंय माझं."

"भांड. हक्क आहे तुझा."

"हक्काच्या गोष्टी करू नकोस, मेल्या! मला ठाऊक होतं."

लासिरानला काही कळेना.

"तुझा त्या दिवशीचा सदरा कास्मिनीनं झऱ्यावर मला दाखवला होता. तेलाचे डाग होते, मिठाचा कण नव्हता. म्हणाली, 'पार्जियेम, विहिरीत गोडं पाणी आलंय आणि ह्यानं गावाला खारं सांगितलंय.' मी म्हटलं, चल, आत्ता जाऊन सांगू. तर तिनं मला शपथ घातली. 'त्याचं त्याला सांगू दे. मी सांगितलं तर तो पुन्हा मान वर करून चालणार नाही.' पहिल्या वर्षी म्हणायची, पावसाळा झाला की सांगेल. मग म्हणायची, लेकीचं लग्न झालं की सांगेल. 'मी रोज विचारते त्याला,' म्हणायची, 'एक दिवस सांगेलच.'"

लासिरान खाली बसला.

"रोज विचारायची," तो म्हणाला. "दारात उभी राहून. मला वाटायचं, सहज विचारते."

"सहज!" पार्जियेमचा आवाज फाटला. "त्या दगडावर बसून ती दम घ्यायची आणि मला सांगायची, आज विचारते बघ. आणि मी तिच्या शपथेपायी तिच्याबरोबर पाणी वाहत राहिले. ती गेली तरी वाहत राहिले. ही पाठ बघ माझी. आता तुझ्यावर रागावू की तिच्यावर, की माझ्यावर? सांग ना!"

तो रडत होता. म्हातारी माणसं रडतात तसं, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. पार्जियेमनं त्याला रडू दिलं. मग तिनं रांजणाचं झाकण काढलं, डवली बुडवली, आणि वाकलेल्या पाठीला जमेल तशी मान वर करून सगळं पाणी प्यायली.

"गोडं आहे," ती म्हणाली. डवली पालथी घातली आणि तोंड पुसत आपल्या वाटेनं गेली.

दुसऱ्या सकाळी लासिराननं झाकण उघडलं. पाणी काठापासून बोटभर खाली होतं. त्या दिवशी त्यानं रांजण उपसला नाही. नळावरून आणलेल्या डब्यातलं एक डवलीभर पाणी त्यात ओतलं आणि पुन्हा काठोकाठ केला. मग तो उंबऱ्यात, कास्मिनी उभी राहायची तिथं, उभा राहिला.

"कास्मिनी, आज विशेष आहे गं," रिकाम्या घराला त्यानं सांगितलं. "पार्जियेम पाणी पिऊन गेली."